घरातला दुर्गंध आणि आपले अनुमान
(व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांचे फोन आले. "सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे दुर्गंधाचं काय काढलंत?" आम्ही म्हटले, प्रमाणशास्त्रच सांगणार आहोत, फक्त सुरुवात न्हाणीच्या जाळीपासून करणार आहोत.

आमची उभी हयात वर्गात धूर आणि अग्नी शिकवण्यात गेली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. आणि मग आमच्याच घरात एक वास यायला लागला, तेव्हा विद्यार्थ्यांना करू नका म्हणून सांगितलेली प्रत्येक चूक आम्ही ओळीने केली. त्याचा भुर्दंड आम्हांला कमी आणि दुसऱ्याच एका कुटुंबाला जास्त पडला. म्हणून हे व्याख्यान. आधी घरातल्या वासाचा माग कसा काढायचा ते पाहू, मग आमची हकीकत सांगतो, आणि शेवटी आमचे कुठे चुकले ते तपासू.

वास कशाचा असतो?

वैशेषिक दर्शनात गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. शुद्ध पाण्याला वास नाही, वाऱ्यालाही नाही. वाऱ्याबरोबर फुलांचा वास आला, तर त्या वाऱ्यात फुलाचे, म्हणजे पार्थिव द्रव्याचे, सूक्ष्म कण मिसळलेले आहेत असे ते लोक म्हणत. गुण कधी एकटा हिंडत नाही, त्याला आश्रय म्हणून द्रव्य लागते.

आजचे रसायनशास्त्र पंचमहाभूते मानत नाही, पण या ठिकाणी ते फार वेगळे बोलत नाही. वास येतो म्हणजे कुठल्यातरी पदार्थाचे रेणू सुटून हवेतून आपल्या नाकापर्यंत पोहोचलेले असतात. नाकाच्या वरच्या भागात हे रेणू ओळखणारे ग्राहक असतात, माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून आपल्या कामाची पहिली गोष्ट निघते. वास येत असेल तर त्याचे द्रव्य कुठेतरी आहे, आणि ते अजून सुटते आहे. उदबत्ती लावली, फवारा मारला, तर नाकाला दुसरे काहीतरी मिळते एवढेच. मूळ द्रव्य जागच्या जागी राहते. म्हणून शोध पुरा होईपर्यंत घरात सुगंधी काही लावू नका. लावलेत तर तुम्ही तुमचा एकमेव साक्षीदार स्वतःच गप्प केलात असे होईल.

साक्षीदाराचा स्वभाव

हा साक्षीदार, म्हणजे आपले नाक, मोठा लहरी आहे. तोच तोच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांत नाक त्याची वर्दी देणे बंद करते. मासळीबाजारात शिरताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि पाचव्या मिनिटाला निवांत भाव करत उभे असतो. वास कमी झालेला नसतो, नाक सरावलेले असते.

म्हणून घरात वास शोधायचा, तर आधी घराबाहेर पडा. पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या हवेत फिरून या. दार उघडून आत आल्यावरचे पहिले दोन-तीन श्वास खरे. त्यानंतर एकेक खोली घ्यायची, दारे-खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून, कारण पंखा वास सगळीकडे सारखा पसरवतो आणि दिशा कळू देत नाही. जमिनीजवळ वास घ्या, मग छातीच्या उंचीवर, मग स्टुलावर चढून छताजवळ. आणि एक कागद घेऊन त्यावर वेळ, जागा, त्या वेळी घरात काय चालू होते, हे लिहा. हे टिपण फार महत्त्वाचे. पुढे कळेल का ते.

नाकाच्या या स्वभावाची एक भयंकर बाजूही सांगायला हवी. गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, कुजक्या अंड्यांसारखा वास असलेला. अगदी थोडा असला तरी तो नाकाला कळतो. पण हवेतल्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास त्याचे प्रमाण गेले, की तो वास ओळखणारी नाकाची शक्तीच बधिर होते. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, म्हणजे वायू गेला. प्रत्यक्षात वायू वाढलेला असतो. माणसाला हाताने मैला साफ करायला लावणे आणि संरक्षणाशिवाय गटारात उतरवणे यांवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी असे मृत्यू अजून थांबलेले नाहीत. वास येत नाही म्हणजे काही नाही, हे अनुमान किती महाग पडू शकते ते यावरून ध्यानात घ्या.

नेहमीचे संशयित

आता घराकडे येऊ. वासाच्या जातीवरून संशयितांची यादी बरीच लहान करता येते.

पहिला संशयित न्हाणीची जाळी. प्रत्येक जाळीखाली, बेसिनखाली नळीला एक वळण असते, त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वळणात साधारण दोन इंच पाणी साचून राहते आणि ते पाणीच गटाराच्या हवेला अडवते. अठराव्या शतकात, १७७५ साली, अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकुपाला असे वळण जोडून त्याचे पेटंट घेतले. एवढी साधी युक्ती, पण तिच्यावर आपले आधुनिक घर उभे आहे. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली बाथरूम महिनाभर वापरली नाही, की ते पाणी वाळते आणि गटाराचा वास सरळ वर येतो. उपाय काय, तर बादलीभर पाणी ओता. आम्ही म्हणू, गावाहून परत आल्यावर घरात वास आला तर आधी सगळ्या जाळ्यांत पाणी ओता, प्लंबरला नंतर फोन करा.

दुसरा संशयित मेलेला उंदीर किंवा पाल. हा वास गोडसर, मळमळवणारा. दोन-तीन दिवसांत चढतो, मग हळूहळू उतरतो. एकाएकी मोठ्या माश्या दिसू लागल्या तर त्या कुठे बसतात ते पाहा, त्या आपल्यापेक्षा तरबेज आहेत. फ्रिजच्या मागे, कपाटाखाली, माळ्यावरच्या गाद्यांमध्ये शोधा.

तिसरा संशयित ओल. दमट, कोंदट, जुन्या पुस्तकांसारखा वास. हा पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो. भिंतीला टेकलेले कपाट चार बोटे पुढे ओढा आणि मागे बुरशी आहे का बघा.

चौथ्याच्या बाबतीत मात्र शोध वगैरे काही नाही. स्वयंपाकाचा गॅस. एलपीजीला स्वतःचा असा ओळखू येणारा वास जवळजवळ नसतो. त्यात मुद्दाम एथिल मर्कॅप्टन नावाचे घाणेरड्या वासाचे द्रव्य मिसळतात. यामागे इतिहास आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू गळून साठला आणि स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुले. त्यानंतर वायूला वास देण्याची सक्ती करणारे कायदे झाले. तर गॅसचा तो वास म्हणजे आपल्यासाठी लिहून ठेवलेला निरोप आहे. तो आला की दिवा लावू नका, चालू असलेला बंदही करू नका, कारण बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, तो जमिनीलगत साठतो. उभ्या माणसाला कमी आणि खाली बसलेल्याला जास्त वास येतो, हे लक्षात असू द्या.

पाचवा संशयित आम्हांला तेव्हा माहीतच नव्हता. आता हकीकत.

आमच्या घरातला वास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पुण्यात एका जुन्या सोसायटीत राहतो, घरात आम्ही नवरा-बायको दोघेच. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या सुमाराला, वरच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहायला आले. मालवणकडचे. नवरा-बायको, दोन मुलगे आणि आजी.

जुलै उजाडला आणि एके दिवशी आमची पत्नी म्हणाली, "अहो, सकाळी पॅसेजमध्ये माशांचा वास येतो." आम्हांला काही येत नव्हता. आम्ही म्हटले, तुला भास होतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी सात ते साडेआठ, बाथरूमच्या बाहेर. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि वरच्या मजल्याचे पाइप त्याच डक्टमधून खाली येतात. वर मासे खाणारे लोक. आणखी काय हवे? आठवडाभरात आम्ही 'तुला भास होतो' वरून 'वरून येतो' वर आलो. मधे पुरावा काही वाढलेला नव्हता, बरं का. फक्त ठपका ठेवायला जागा सापडली होती.

आम्ही तर्कशास्त्राचे माणूस, त्यामुळे नोंद ठेवायला सांगितली. पत्नीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण केली, वास आला की बरोबर, नाही आला की फुली. तीन आठवड्यांत दोनच फुल्या, आणि दोन्ही गुरुवारच्या! गुरुवारी पुष्कळ घरांत मासे खात नाहीत. आम्ही खूश. मासे नाहीत त्या दिवशी वास नाही. सिद्ध झाले.

मग आम्ही सोसायटीला पत्र लिहिले. पत्र चांगले लिहिले होते, याचेच आता जास्त वाईट वाटते. प्रत्येकाच्या आहारस्वातंत्र्याचा आम्ही आदर करतो, असे पहिले वाक्य. दुसरे वाक्य 'तथापि'ने सुरू होणारे. खाली कॅलेंडरच्या खुणांचा तक्ता. आणि सही एका अशा माणसाची, ज्याला तो वास एकदाही आलेला नव्हता. सोसायटीने त्यांना समज देणारे पत्र काढले आणि त्याची प्रत त्यांच्या घरमालकांना पाठवली.

चार दिवसांनी सकाळी साडेसातला बेल वाजली. वरच्या ताई दारात, हातात ते पत्र. आम्हांला वाटले, आता भांडण. त्या म्हणाल्या, "काका, भांडायला नाही आले. मला एकदा तो वास दाखवा."

पत्नी त्यांना पॅसेजमध्ये घेऊन गेली. त्या उभ्या राहिल्या, दोन-तीनदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "काकू, हा माशाचा वास नाही. माशाचा वास ओला असतो. हा कोरडा आहे, नाकात टोचतोय. काहीतरी तापतंय इथे. आत्ता काय चालू आहे?"

"गीझर," पत्नी म्हणाली.

"आधी बंद करा. त्या बटणाला नको हात लावू, मेन स्विचच बंद करा."

आमचा गीझर बाथरूमवरच्या माळ्यावर आहे आणि त्याचे सॉकेटही तिथेच आहे. माळ्याचे दार पॅसेजमध्ये उघडते. आम्ही स्टूल आणला, बॅटरी घेतली. सॉकेटच्या कडा तपकिरी होऊन वितळल्या होत्या आणि पिन आत चिकटून बसली होती. वीतभर अंतरावर पुठ्ठ्याचे खोके होते, आमच्या जुन्या टिपणवह्यांनी भरलेले.

त्या स्टुलाला हात देऊन उभ्या होत्या. खाली उतरताना आम्ही काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि काका, श्रावण चालू आहे. दिव्याच्या अवसेपासून आमच्या घरात बांगडा आलेला नाही. गणपती झाल्यावरच येईल."

कॅलेंडरवर श्रावणातल्या प्रत्येक दिवशी 'बरोबर'ची खूण होती.

नाक चुकले नव्हते

दुपारी इलेक्ट्रिशियन आला, त्याने सॉकेट बदलले. पण माशाचाच वास का, हा प्रश्न राहिला. त्याचे उत्तर सुंदर आहे. मासा शिळा होऊ लागला की त्याच्यात जिवाणूंमुळे ट्रायमिथाइलअमाइन नावाचे द्रव्य तयार होते, माशाचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः त्याचा. हे द्रव्य अमाइन वर्गातले. त्याला आम्ल मिळाले की ते बांधले जाते आणि वास दबतो. म्हणून कोकणात माशाला कोकम नाहीतर लिंबू लावून ठेवतात. आणि ताज्या माशाला असा वास जवळजवळ नसतोच. आता विजेच्या सामानासाठी वापरतात त्यांतल्या काही प्लास्टिकमध्ये नायट्रोजन असतो. ती फार तापली की अमाइन वर्गातलीच द्रव्ये सोडतात. म्हणजे पत्नीच्या नाकाने जे सांगितले ते बरोबर होते. 'माशासारखा' हे प्रत्यक्ष. 'माशाचा' हे अनुमान. त्या दोन शब्दांच्या मधे आम्ही घसरलो.

सॉकेट तापले कशाने? गीझर २००० वॅटचा. २३० व्होल्टला तो सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो. पिन आणि सॉकेट यांची पकड सैल झाली की तिथे विरोध वाढतो. समजा तो विरोध अर्धा ओहम झाला. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध, म्हणजे जवळजवळ ३८ वॅट उष्णता त्या एका टिंबावर. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंग आयर्न साधारण एवढीच असते. ती दीड तास प्लास्टिकमध्ये खुपसून ठेवल्यासारखे झाले. तुम्ही विचाराल, मग एमसीबी का पडला नाही? कारण एमसीबी जादा प्रवाह ओळखतो. इथे प्रवाह वाढलेलाच नव्हता, फक्त चुकीच्या जागी उष्णता होत होती. अशा वेळी पुष्कळदा पहिली सूचना नाकच देते. म्हणून हा पाचवा संशयित लिहून घ्या. घरात मासे नसताना माशासारखा किंवा लघवीसारखा वास आला आणि तो एखादे उपकरण चालू असतानाच येत असेल, तर मेन बंद करून प्लग, सॉकेट, स्विचबोर्ड तपासून घ्या.

चुका कोणत्या?

आता शास्त्राच्या भाषेत आमचा हिशेब मांडू.

न्यायशास्त्रात अनुमान टिकते ते व्याप्तीवर. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा नियम अपवादाशिवाय हवा. जिथे हेतू आहे पण साध्य नाही असे एक जरी उदाहरण सापडले, तर तो हेतू सव्यभिचार, म्हणजे हेत्वाभास. आमच्याकडे असे उदाहरण एक नाही, चांगली दहा-बारा होती. सोमवारी वास होता, श्रावणात वास होता. कॅलेंडर आमच्याच भिंतीवर होते. पण आम्ही त्यातल्या फुल्या वाचल्या, खुणा वाचल्या नाहीत.

बरे, त्या गुरुवारच्या फुल्यांचे काय? आम्ही नंतर आठवून पाहिले. त्या दोन्ही गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. गीझर लागलाच नव्हता, आम्ही गॅसवर पाणी तापवून आंघोळ केली होती. याला म्हणतात उपाधी. वर्गातले उदाहरण असे: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. 'गुरुवार' आणि 'वास नाही' यांच्यामधे 'वीज नाही' ही अट लपली होती. पुरावा आमच्या बाजूने बोलतोय असे वाटले, तेव्हाच तो जास्त तपासायला हवा होता.

तिसरी चूक आमच्या नाकाची. 'आम्हांला येत नाही, म्हणजे वास नाही' असे आम्ही पत्नीला आधी म्हणालो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण ते एक अट घालतात. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात दिसला नाही तर काही सिद्ध होत नाही. या प्रकरणानंतर आम्ही डोळे मिटून हिंगाची डबी नाकाशी धरली. जेमतेम कळले. वय वाढते तशी घ्राणशक्ती कमी होते आणि पुष्कळांना ती गेल्याचे समजतही नाही. आमचे नाक म्हणजे अंधारी खोली होती, आणि त्या खोलीच्या भरवशावर आम्ही बायकोला भास होतो असे सांगत होतो.

अशी चूक शहरेच्या शहरे करतात. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीला इतका दुर्गंध सुटला, की पार्लमेंटचे काम चालवणे मुश्किल झाले. तेव्हाच्या बहुतेक जाणकारांचे मत असे, की दुर्गंधानेच पटकी होते. डॉक्टर जॉन स्नो यांनी त्याआधी चार वर्षे, १८५४ साली, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून रोग पाण्यातून येतो असे दाखवले होते, पण ते फारसे कोणी मानले नाही. दुर्गंध आणि पटकी एकाच वस्तीत होते, हे खरे. दोन्ही एकाच घाणीतून येत होते. पण एक दुसऱ्याचे कारण नव्हते. सहवास म्हणजे व्याप्ती नव्हे, हे तिथेही विसरले गेले.

चौथी चूक तर्कशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. आम्ही कारण शोधायच्या आधी माणूस शोधला. वास घरातला, पण आमची नजर पहिल्यांदा स्वतःच्या माळ्यावर गेली नाही, वरच्या मजल्यावर गेली. आपल्या समाजात कोणाचा वास येतो आणि कोणाचा येत नाही, हे नाकाच्या आधी ठरलेले असते. कोण काय खातो, कोण कुठले काम करतो, यावरून माणसाला घर मिळते किंवा नाकारले जाते, आणि कारण म्हणून पुष्कळदा 'वास येतो' एवढेच सांगितले जाते. आम्ही स्वतःला या सगळ्यापलीकडचे समजत होतो. आमच्या पत्रातला तो 'तथापि' मात्र त्याच जुन्या घरातला होता.

तर मंडळी, वास आला की आधी आपले घर तपासा, मग आपले नाक तपासा, मग टिपणातली आपल्याला न आवडणारी नोंद वाचा. एवढे झाल्यावरच दुसऱ्याचे दार वाजवा. आणि वाजवलेच तर त्या ताईंसारखे वाजवा, 'मला एकदा तो वास दाखवा' असे म्हणत. इथे थांबतो.

प्रश्नोत्तरांतून

*घरात फक्त वयस्कर माणसे असतील आणि नाकावर भरवसा नसेल तर काय करावे?*

गॅसगळती ओळखणारे यंत्र बाजारात मिळते, ते बसवा. एलपीजी असेल तर जमिनीलगत, पाइपचा नैसर्गिक वायू असेल तर छताजवळ, कारण तो हवेपेक्षा हलका असतो. गीझर, एसी यांची सॉकेटे वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. आणि नात-नातू, कामाला येणाऱ्या मावशी, दूधवाला, जो कोणी बाहेरून आत येतो त्याला अधूनमधून विचारा, "काही वास येतोय का?" त्यांचे नाक ताजे असते. आम्ही आता विचारतो.

*आपल्या पत्नीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून आपण पत्र लिहिलेत. मग शब्दप्रमाण चुकीचे ठरले का?*

नाही. ती 'माशासारखा वास येतो' म्हणाली असती आणि आम्ही तेवढेच लिहिले असते, तर ते शब्दप्रमाण झाले असते. 'माशांचा' म्हणाली ते तिचे अनुमान, आणि 'वरून येतो' हे पुढचे अनुमान आम्ही दोघांनी मिळून केले. साक्षीदाराचे ऐकावे, पण त्याने काय पाहिले आणि काय ठरवले हे वेगवेगळे विचारावे. ते विचारणे आमचे काम होते.

*त्या कुटुंबाशी आता संबंध कसे आहेत?*

आम्ही त्याच संध्याकाळी वर जाऊन माफी मागितली. सोसायटीला दुसरे पत्र लिहिले, पहिले मागे घेतले आणि पुढच्या सभेत ते स्वतः वाचून दाखवले. आजींनी गणपतीनंतर आमच्यासाठी मुद्दाम सोलकढी पाठवली. पण पहिल्या पत्राची प्रत घरमालकांकडे आधीच गेली होती. आम्ही त्यांनाही भेटून सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा त्यांनी तो वाढवला नाही. मुलांची शाळा त्यामुळे बदलावी लागली. ताईंचा दिवाळीला फोन येतो, आम्हीही करतो. एवढेच सांगता येईल.